बोटीवर सर्व्हे करायला जुना रग्ड लॅपटॉप घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धरणातल्या गाळाच्या सर्व्हेचं काम मिळालंय, महिना-दीड महिना बोटीवर दिवसभर लॅपटॉप चालवायचाय, २२ हजारांत जुना टफबुक सीएफ-३१ (पॅनासॉनिकचा रग्ड, म्हणजे दणकट बांधणीचा लॅपटॉप) मिळतोय आणि विकणारा म्हणतोय, "मिलिटरीचा माल आहे, पाण्यात पडला तरी काही होत नाही." घेऊ का?

घ्या, पण त्याच्या या वाक्यावर विसंबून घेऊ नका. पाण्यात पडला तर तो बुडेल. पावणेचार किलोच्या आसपासचं धूड आहे ते. धूळ-पाणी किती अडवतो याचं त्याचं रेटिंग आयपी ६५. यातला ६ धुळीचा आणि ५ पाण्याच्या फवाऱ्याचा. म्हणजे पावसाची सर आली, लाटेचं पाणी उडालं, तर चालेल. बुडण्याची परीक्षा आयपी ६७ ची असते, तीही एक मीटर खोल आणि अर्धा तास. आणि हे सगळं पोर्टांची झाकणं बंद असताना. सर्व्हेत तुमच्या निम्म्या पोर्टांना केबली लागलेल्या असणार, म्हणजे ती झाकणं उघडीच.

मी सांगलीचा. कृष्णेच्या पात्राचे आडवे छेद घेणं आणि बामणोली-तापोळ्याच्या बाजूला शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, इको साउंडर (आवाजाच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजणारं यंत्र) फिरवणं, ही कामं बरीच वर्षं करतोय. आजवर माझा एकही लॅपटॉप पाण्याने गेला नाही. मला छळलं ते उन्हाने, मग करंटने आणि मग केबलीने. म्हणून त्याच क्रमाने सांगतो.

पहिल्या हंगामात घरचाच साधा लॅपटॉप नेला होता. पावसाळा संपलेला, धरण काठोकाठ, ऑक्टोबरचं ऊन, आणि खालून पाण्याची चमक. पडद्यावर बोट जिच्यावरून न्यायची ती आखलेली लाइन दिसेना, खोली दिसेना, दिसायचं फक्त माझंच तोंड. शेवटी बोटवाल्या तात्यांचं घोंगडं डोक्यावरून घेतलं आणि जुन्या फोटोग्राफरसारखा आत बसलो. आत घामाच्या धारा, बाहेर तात्या विचारतायत, "सायेब, पिक्चर कुठला लागलाय?" लाइन कधीच सुटली होती. ती अख्खी बाजू दुसऱ्या दिवशी परत मारली. डिझेल आपलं.

साध्या लॅपटॉपच्या पडद्याचा उजेड अडीचशे-तीनशे निट (उजेडाचं माप) असतो. उघड्या बोटीवर आठशेच्या खाली काम भागत नाही. सीएफ-३१ नवा असताना हजाराच्या पुढे जातो आणि त्याचे खरे पैसे यासाठीच मोजायचे, 'मिलिटरी'साठी नाही. त्याच्या आधीचे सीएफ-३० सारखे जे आहेत त्यांच्या पडद्यामागे बारीक ट्यूब असते. ती वर्षागणिक मंद होत जाते, म्हणून ते स्वस्तात मिळाले तरी नको. मशीन दुकानातल्या ट्यूबलाइटखाली पसंत करू नका. दुपारी बारा-साडेबाराला दुकानाबाहेर फुटपाथवर नेऊन, उजेड पूर्ण वाढवून बघा. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू द्या. गॉगल घालत असाल तर तोही घालून बघा. पोलराइज्ड काचेतून काही पडदे एका कोनात काळे ठिक्कर दिसतात. मी आमच्या एका पोराला यावरूनच उगाच ओरडलो होतो, "पडदा बंद का केलास?" म्हणून.

टचस्क्रीन असेल तर दाबावर चालणारी चांगली. मोबाइलसारखी असेल तर चार थेंब पडले की आपोआप भलतीकडेच क्लिक व्हायला लागतं.

आता करंट. बोटीवर १२ व्होल्टची बॅटरी असते आणि बहुतेक जण इन्व्हर्टर लावून त्यावर घरचा चार्जर चालवतात. मीही तेच केलं होतं. आणि इको साउंडरच्या पडद्यावर तळाच्या रेषेभोवती मुंग्या लागल्यासारखे ठिपके दिसायला लागले. कुठे बारा मीटर, कुठे मध्येच दोन मीटर. आधी वाटलं खाली बुडालेली झाडं असतील. मग ट्रान्सड्यूसर (साउंडरचा पाण्यात राहणारा भाग) काढून पुसला, परत बसवला, काही नाही. तात्यांनी चहा करायला बोट बंद केली तेव्हा सहज इन्व्हर्टर बंद केला, तर मुंग्या गायब. स्वस्त इन्व्हर्टरचा विजेचा गोंगाट थेट साउंडरमध्ये घुसत होता. तेव्हापासून मी बारा व्होल्टवर थेट चालणारा गाडीचा ॲडॅप्टर वापरतो. टफबुकला १५.६ व्होल्ट लागतात, डेलला सहसा १९.५, तेव्हा एकाचा दुसऱ्याला चालत नाही. हिशोब सोपा आहे: लॅपटॉप ६० वॉट खात असेल तर बारा व्होल्टवर पाच अँपियर. शंभर एएचची (अँपियर-तासांची) बॅटरी निम्म्यापर्यंतच उतरवायची म्हटली तरी दहा तास निघतात. साउंडर आणि जीपीएसचं वेगळं धरा. लॅपटॉपची स्वतःची बॅटरी जुन्या मालात बहुधा मेलेलीच असते. तरी ती अर्धा तास तग धरते का बघा, कारण इंजिन स्टार्ट करताना व्होल्टेज क्षणभर खाली बसतं आणि तेवढ्यात लॅपटॉप बंद पडला तर चालू फाइल गेली.

केबलीचं म्हणाल तर सीएफ-३१ ला खरा सीरियल पोर्ट आहे, म्हणजे जीपीएस-साउंडरची केबल लावायचा जुन्या पद्धतीचा, स्क्रूने आवळायचा. डिझेल इंजिनच्या थरथरीत यूएसबीचं कनेक्शन हळूहळू सरकतं आणि आपल्याला संध्याकाळी फाइल उघडल्यावर कळतं. मात्र एक गंमत लक्षात ठेवा. जीपीएस आधीपासून डेटा सोडत असताना विंडोज चालू केलं, तर ते जीपीएसलाच माउस समजू शकतं. मग कर्सर अंगात आल्यासारखा पडद्यावर नाचतो, फोल्डर आपोआप उघडतात. व्हायरस नाही तो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या यादीत 'सीरियल बॉलपॉइंट' दिसेल, तो डिसेबल करा.

विकत घेताना बाकी काय बघायचं? बायोस (विंडोजच्या आधी उघडणारं मशीनचं सेटिंग) उघडा. हे लॅपटॉप बरेचदा परदेशातल्या पोलीस खात्यांतून किंवा कंपन्यांतून निघालेले असतात आणि काहींवर आधीच्या मालकाचा पासवर्ड तसाच असतो. आतला सेल काढून तो जात नाही. पासवर्ड मागितला की नमस्कार करून निघायचं. टफबुकच्या बायोसमध्ये एकूण किती तास चालला तेही दिसतं, गाडीच्या किलोमीटरसारखं. मग झाकणांची रबरं. पेपरची पट्टी झाकणात धरून ओढा. अडकली तर रबर जिवंत, सुळकन निघाली तर आयपी ६५ फक्त स्टिकरवर उरलं. डिस्क ज्या खोक्यात बसते तो कॅडी जागेवर आहे ना बघा, बऱ्याच मशीनमधून डिस्कबरोबर तोही काढून घेतलेला असतो. आणि आत फिरती हार्ड डिस्क असेल तर एसएसडी टाका, त्यावर चर्चाच नको.

विंडोज ११ सीएफ-३१ वर अधिकृतपणे बसत नाही, त्याला इंटेलचे आठव्या किंवा पुढच्या पिढीचे प्रोसेसर लागतात. विंडोज १० चा आधार (सुरक्षेचे नेहमीचे अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. माझं मशीन १० वरच आहे, पण त्याला इंटरनेट दाखवत नाही. डेटा पेनड्राइव्हने घरच्या मशीनवर येतो. क्लायंटची अट ११ ची असेल तर डेल किंवा गेटॅकचे अलीकडचे रग्ड बघा, पण मग २२ हजार विसरा.

बसवायला मी प्लायच्या फळीवर सायकलची ट्यूब ताणून पट्टे केलेत. धक्का ट्यूब खाते. प्लॅस्टिकच्या पिशवीत मात्र गुंडाळू नका, आत घाम सुटतो.

तेव्हा विक्रेत्याला आधी प्रोसेसरचा आकडा विचारा. आय५-५३००यू म्हणाला तर तो मार्क ५, म्हणजे सीएफ-३१ ची शेवटची आवृत्ती. २२ हजारांत निमूट घ्या. ३३२०एम असेल तर मार्क ३, चालेल, पण चार-पाच हजार पाडून मागा. २५२०एम किंवा त्याच्याही मागचा असेल, तर एवढ्या पैशात नको.