पांढरी जागा कापू नका, बाई

बाई, तुम्ही लिहिलंय की निपाणीच्या बालवाडीसाठी फॉण्टमधल्या प्रत्येक अक्षराची वेगळी पीएनजी, म्हणजे चित्राची फाइल, हवी आहे. टायपून स्क्रीनशॉट काढला तर वेलांटीला ठिपक्यांचं वर्तुळ चिकटतं, आणि चित्रं शेजारी ठेवली की ओळ वरखाली होते. दुसरी तक्रार वाचली आणि मला आमचा तालमीचा फलक आठवला.

वर्तुळाचं सोपं आहे. टायपूच नका, फॉण्टफोर्ज या फॉण्ट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये फॉण्ट उघडून थेट ग्लिफ, म्हणजे फॉण्टमधला अक्षराचा सुटा आकार, एक्सपोर्ट करा. बाकी तुम्हाला जमेल.

खरी गोम ओळीची. शहापुरात माझं फलकांचं काम. कर्नाटकात 2024 पासून फलकावर 60 टक्के कन्नड लागतं, म्हणून वर कन्नड आणि खाली ‘तालीम मंडळ’ अशी ॲक्रिलिकची अक्षरं करायची होती. एक्सपोर्ट झालेल्या चित्रांभोवती पांढरी जागा दिसली. मला वाटलं, फुकटची आहे. इमेजमॅजिक या चित्रं कापायच्या-बदलायच्या सॉफ्टवेअरने सगळ्या फाइली एका फटक्यात ट्रिम केल्या, म्हणजे कडेची पांढरी जागा कापली, आणि वर प्रत्येकीची उंची 400 पिक्सेल केली. अनुस्वाराचा लाडू झाला, ‘म’एवढा! तो हसत हसत लहान केला. वेलांटीकडे मात्र लक्षच गेलं नाही. वरच्या वळशासकट तिला 400 मध्ये कोंबल्यामुळे तिची उभी रेघ आखूड झाली आणि शिरोरेषा ‘म’च्या शिरोरेषेखाली उतरली. कन्नडला सलग शिरोरेषा नसते, त्यामुळे ती ओळ खपून गेली. मराठी ओळ भिंतीवर जिन्यासारखी. कटिंगवाल्याने एका शब्दाने टोकलं नाही. “फाइल दिली तशी कापली,” म्हणाला, पैसे पूर्ण घेतले. चूक माझीच, पण त्यालाही डोळे होते की!

तेव्हा ट्रिम नकोच. अक्षर ओळीत कुठे बसतं ते त्या पांढऱ्या जागेतच असतं. आकार बदलायचा तर सगळ्या फाइली एकाच टक्क्याने बदला.

‘कि’, ‘कु’, ‘क्ष’ अशी कार्डं सुट्या तुकड्यांतून जुळवत बसू नका, असं माझं मत. उकार नेमका कुठे लागतो ते फॉण्ट ठरवतो, चित्राला ते ठाऊक नसतं. हार्फबझ हे अक्षरं जोडणारं सॉफ्टवेअर, त्यासोबत येणाऱ्या एचबी-व्ह्यू या प्रोग्रामला अख्खं अक्षर द्या, तो जोडून पीएनजी देतो. भाषा मराठी सांगायला विसरू नका. फॉण्टमध्ये सोय असेल तर मराठी वळणाचे ल आणि श मिळतात. नाहीतर पोरं हिंदी वळणाचा ल गिरवत बसतील, आणि मला ते बघवत नाही.

आणखी एक. फॉण्ट जुना, युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांना वेगळे क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीचा असेल तर त्यात ग्लिफना इंग्रजी अक्षरांचीच नावं असतात. विंडोज मोठ्या आणि छोट्या ‘ए’ची फाइल एकच समजतं, आणि दुसरी पहिलीवर चढते. एक्सपोर्ट झाल्यावर ग्लिफ किती होते आणि फाइली किती आल्या, तेवढं मोजून घ्या.