जुन्या बुलेटचे घरगुती सुटे भाग परदेशी पाठवताना: यादीतून आधी काय गाळावे

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे: कोल्हापूरच्या उद्यमनगरात आपले स्वतःचे लेथ आणि मिलिंग मशीन आहे, जुन्या कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेटसाठी स्पिंडल (चाकाचा आस), बुश (आसाभोवतीची धातूची बांगडी), स्पेसर (दोन भागांत अंतर राखणारी नळी), ब्रेकचा लिव्हर, क्लच प्लेट आणि गॅस्केट एवढे भाग आपण बनवू शकता, इंग्लंड, जर्मनी आणि ऑस्ट्रेलियातल्या काही बुलेटधारकांनी आपल्याकडे विचारणा केली आहे, आणि त्यांना परवडेल अशा दरात हा माल कसा पोहोचवावा हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. पार्सलवर ‘भेटवस्तू’ असे लिहून मोकळे व्हावे, असा सल्ला आपल्याला कोणीतरी दिल्याचेही आपण लिहिले आहे. मी अशाच छोट्या खेपा बरीच वर्षे पाठवत आलो आहे आणि त्या अनुभवावरून माझे मत असे, की टपाल, कर आणि पैसे यांचा विचार नंतर करावा. आपल्या यादीतले निम्मे भाग आधी गाळले, तर पुढचे बहुतेक प्रश्न सोपे होतात.

गिऱ्हाईक आहे का, ही शंका मनातून काढून टाका. १९५५ च्या सुमारास मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला रॉयल एनफील्डची बुलेट बनू लागली, कंपनीचा इंग्लंडमधला मूळ व्यवसाय १९७० च्या सुमारास संपला आणि १९७७ पासून मद्रासच्याच गाड्या उलट इंग्लंडला जाऊ लागल्या. त्यामुळे साताऱ्यातल्या आणि लेस्टरमधल्या बुलेटची हाडे एकच आहेत. तिकडे कारागिराचा तासाचा दर इतका आहे, की एखादा साधा बुश वळवून घेण्यापेक्षा लोक गाडी उभी ठेवणे पसंत करतात. आपल्याला वाव आहे तो या फरकात.

आता गाळण्याविषयी. क्लच प्लेट आणि गॅस्केट ही दोन्ही नावे आजच यादीतून काढा, आणि ब्रेक लायनर पुढेही तिच्यात घालू नका. आपल्या बाजारात मिळणाऱ्या गॅस्केटच्या शीटमध्ये आणि घर्षणाच्या मालात अजूनही ॲस्बेस्टॉस असू शकते, आणि दुकानदाराने ‘नॉन-ॲस्बेस्टॉस’ असे तोंडी सांगितले म्हणून ते सिद्ध होत नाही. ऑस्ट्रेलियाने ३१ डिसेंबर २००३ पासून ॲस्बेस्टॉसची आयात पूर्ण बंद केली आहे आणि जुन्या गाड्यांचे गॅस्केट व ब्रेक शू यांवर तिथल्या सीमाशुल्क खात्याची विशेष नजर असते. ब्रिटननेही १९९९ मध्ये बंदी घातली. माल अडकला तर तपासणीचा खर्च आणि दंड आयात करणाऱ्यावर, म्हणजे आपल्यावर विश्वास ठेवणाऱ्या त्या बुलेटधारकावर पडतो. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल प्रत्येक लॉटमागे घेण्याची तयारी असेल तरच या वाटेला जावे, आणि तो खर्च धरला की माल स्वस्त राहत नाही.

ब्रेकचा लिव्हर, हँडलबार, फूटरेस्ट हेही नकोत. आपल्याकडे फौंड्री हाताशी आहे म्हणून लिव्हर ओतून घेण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे, पण वाळूच्या साच्यातल्या ॲल्युमिनियममध्ये राहिलेली हवेची छिद्रे बफिंगनंतर दिसतही नाहीत आणि लिव्हर तुटतो तो नेमका जोरात ब्रेक दाबण्याच्या क्षणी. जर्मनीत तर कायद्याचाच अडथळा आहे. तिथे हँडलबार, लिव्हर, फूटरेस्ट असे भाग अधिकृत परवान्याशिवाय बदलले तर गाडीचा रस्त्यावर चालवण्याचा परवानाच रद्द ठरू शकतो. आपल्याकडे विचारणा करणाऱ्या जर्मनीतल्या बुलेटधारकांना हे बहुधा ठाऊक असेल, तरीही विकणाऱ्याने ते सांगायला हवे.

स्पिंडलविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण तिथे भल्याभल्यांची गल्लत होते. युरोपात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, साधा प्लेटिंग केलेला लोखंडी भाग वसंतापर्यंत तांबूस होतो, म्हणून तिकडचे लोक सारखे ‘स्टेनलेसमध्ये द्या’ म्हणतात. पण बाजारातल्या एसएस ३०४ (स्टेनलेसचा नेहमीचा ग्रेड) च्या साध्या बारची यील्ड ताकद, म्हणजे भाग कायमचा वाकू लागण्याची मर्यादा, सुमारे २०५ ते २१५ मेगापास्कल असते आणि ८.८ ग्रेडच्या जास्त ताकदीच्या पोलादी बोल्टची ६४०. म्हणजे चाकाचा स्पिंडल किंवा ब्रेक प्लेटचा अँकर बोल्ट ३०४ मध्ये वळवून दिला, तर तो चकचकीत दिसेल आणि मूळ भागाच्या एक तृतीयांश भारालाच कायमचा वाकेल. असे भाग ज्याला उष्णोपचार, कडकपणा आणि प्लेटिंग यांची प्रमाणपत्रे देता येतात त्याने बनवावेत. शिवाय जास्त ताकदीच्या पोलादावर इलेक्ट्रोप्लेटिंग केले की त्यात हायड्रोजन शिरतो आणि भाग काही दिवसांनी, कधी कधी नुसता कसून ठेवलेला असतानाच तडकतो. प्लेटिंगनंतर लगेच २०० अंश सेल्सिअसच्या आसपास काही तास भट्टीत ठेवणे हा त्यावरचा उपाय, आणि छोटा प्लेटिंगवाला नेमके तेवढेच टाळतो.

मग उरते काय? पुष्कळ उरते. स्टँडचे आणि ब्रेक पेडलचे बुश, चाकांचे स्पेसर, मडगार्डचे आणि टूलबॉक्सचे स्टड, तेलाच्या टाकीचे झाकण, टॅपेट कव्हरचा नट: यातला एखादा तुटला तर बहुधा गाडी आवाज करेल किंवा तेल गळेल, माणूस पडण्याचा संभव फार कमी. याहूनही चांगला धंदा हत्यारांचा आहे. क्लचचे सेंटर काढायचा पुलर, टायमिंग पिनियन ओढायचा पुलर, क्लच फिरू नये म्हणून धरून ठेवणारे साधन, या वस्तू गाडीवर बसत नाहीत, त्यामुळे अपघाताची जबाबदारी जवळजवळ नाही, वजनाच्या मानाने किंमत चांगली येते आणि जुन्या बुलेटच्या मालकाला त्या आयुष्यात एकदा तरी लागतातच. माझा सल्ला मानाल, तर पहिली खेप फक्त हत्यारांची करा.

बनवताना दोन गोष्टी विशेष जपा. पहिली मापाची. झिजलेला नमुना मोजून कधीच रेखाचित्र काढू नका. न वापरलेला मूळ भाग मिळवा, आणि तो ज्या घरात बसतो तेही मोजा. बुश दाबून बसवल्यावर त्याचे आतले छिद्र आकसते, म्हणून ते बसवल्यानंतर रीमर (छिद्र अचूक मापाचे करणारे हत्यार) मारायचा आहे की तयार मापाचा दिला आहे, हे पाकिटातल्या चिठ्ठीवर स्पष्ट लिहा. आट्यांच्या बाबतीत तर फारच सावध राहावे लागते. जुन्या बुलेटवर इंचाला २६ आट्यांचे सायकल थ्रेड, बीएसएफ (ब्रिटिश बारीक आटे) आणि व्हिटवर्थ (ब्रिटिश जाड आटे) असे तीन प्रकार भेटतात, नंतरच्या गाड्यांत मेट्रिक आटेही मिसळलेले आहेत. सायकल थ्रेडचा कोन ६० अंश, इतर दोघांचा ५५. पिच गेजवर २६ आटे आणि १ मिलिमीटर पिच जवळजवळ सारखेच दिसतात, म्हणून व्यास आणि कोन पाहिल्याशिवाय टॅप (आटे पाडायचे हत्यार) उचलू नये. गिऱ्हाइकाकडून गाडीचे साल, इंजिन क्रमांक आणि व्हर्निअर लावलेल्या भागाचा फोटो मागवल्याखेरीज ऑर्डर घेऊ नका.

दुसरी गोष्ट धातूची. आपल्याकडे ३०४ म्हणून २०२ हा स्टेनलेसचा स्वस्त ग्रेड सर्रास खपवला जातो. चुंबक लावून पाहणे निरुपयोगी आहे, कारण दोन्ही ग्रेड सहसा चुंबकाला चिकटत नाहीत. सुदैवाने कोल्हापुरात फौंड्र्यांमुळे स्पेक्ट्रोमीटर असलेल्या प्रयोगशाळा आहेत. शिरोली किंवा गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीत बारचा एक तुकडा तपासून अहवाल घ्या आणि त्याची प्रत प्रत्येक पार्सलमध्ये घाला. त्या एका कागदाने जेवढा विश्वास बसतो तेवढा सुंदर फोटोंनी बसत नाही. स्टेनलेसवर स्टेनलेस नट कसला की आटे एकमेकांना धरून बसतात, आणि ॲल्युमिनियमच्या केसिंगमध्ये स्टेनलेस स्टड मिठाच्या पाण्यात राहिला की केसिंगच खाल्ले जाते. दोन्हींसाठी अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारे) ग्रीस लावण्याची सूचना द्या. ग्रीसची डबी मात्र पार्सलमध्ये ठेवू नका, टपालात ती नसती उठाठेव ठरते.

आता कागदपत्रे. व्यापारासाठी माल बाहेर पाठवायचा तर आयात-निर्यात क्रमांक हवा. तो पॅन आणि बँक खात्याच्या आधारे ऑनलाइन मिळतो आणि त्याचे शुल्क ५०० रुपये आहे. निर्यात ही आंतरराज्य पुरवठ्यात धरली जात असल्याने ४० लाखांच्या उलाढालीची सवलत इथे गृहीत धरू नका. जीएसटी नोंदणी करा आणि दरवर्षी हमीपत्र म्हणजे एलयूटी भरा, मग निर्यातीवर कर भरावा लागत नाही. टपाल खात्याची डाकघर निर्यात केंद्रे आहेत, तिथे २०२२ पासून निर्यातीचे घोषणापत्र ऑनलाइन भरता येते. लहान पाकिटांना इंटरनॅशनल ट्रॅक्ड पॅकेट सेवा ज्या देशांसाठी उपलब्ध आहे तिथे ती परवडते. कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची यांचा सेंटिमीटरमधला गुणाकार ५००० ने भागून आकारमानाचे वजन धरतात; पण लोखंडाचा माल जड आणि आटोपशीर असल्याने आपल्याला त्याचा फटका बसत नाही. खोके घट्ट, कोपरे मजबूत, प्रत्येक भाग गंजरोधक कागदात आणि एकमेकांवर आपटणार नाही असा वेगळा गुंडाळलेला असावा. ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या खोक्यात पेंढा, भुसा किंवा कच्चे लाकूड अजिबात नको.

सीमाशुल्कासाठी मालाचे वर्गीकरण (एचएस कोड) लिहिताना सगळ्यावर डोळे झाकून ८७१४.१० लिहू नका. तो मोटारसायकलच्या भागांचा गट खरा, पण इंजिनाचे भाग ८४०९ मध्ये जातात आणि लोखंडी नट, बोल्ट, वॉशर मोटारसायकलचे असले तरी ७३१८ मध्ये. राहिला ‘भेटवस्तू’चा सल्ला: तो देणाऱ्याला नमस्कार करा आणि विसरून जा. पैसे घेऊन पाठवलेली वस्तू भेट म्हणून दाखवणे ही खोटी घोषणा आहे, आणि कमी किंमत लिहिलेले पार्सल हरवले तर भरपाईही त्या कमी किमतीच्याच मर्यादेत मिळते.

देशांचा क्रम माझ्या मते असा लावावा. ऑस्ट्रेलिया सर्वांत सोपा, कारण १००० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या पार्सलवर सीमाशुल्क नाही आणि तिथला जीएसटी गोळा करण्याची सक्ती त्या देशात वर्षाला ७५,००० डॉलरची विक्री करणाऱ्यालाच आहे. इंग्लंडमध्ये १३५ पौंडांपर्यंतच्या मालावर २० टक्के व्हॅट विक्रेत्याने विक्रीच्या वेळीच घ्यावा आणि त्यासाठी तिथे नोंदणी करावी असा नियम २०२१ पासून आहे. पण खरेदीदार व्हॅट-नोंदणी असलेला दुकानदार असला आणि त्याने आपला क्रमांक दिला, तर त्या कराचा हिशेब तो स्वतः करतो. म्हणून इंग्लंडमध्ये जुन्या बुलेटचे सामान विकणारा एखादा लहान दुकानदार गाठा आणि सुटे पाकीट वीस जणांना पाठवण्याऐवजी त्यालाच पन्नास संच ठोक दरात द्या. जर्मनीचे प्रकरण याहून अवघड आहे: युरोपीय संघाचा उत्पादन-सुरक्षेचा नियम १३ डिसेंबर २०२४ पासून लागू झाला असून ग्राहकाला विकल्या जाणाऱ्या वस्तूसाठी संघाच्या हद्दीत एक जबाबदार व्यक्ती किंवा संस्था असावी लागते आणि वस्तूवर किंवा वेष्टनावर उत्पादकाचे नाव, पत्ता व लॉट क्रमांक लागतो. तिथेही आयात करणारा दुकानदार मिळेपर्यंत थांबणेच शहाणपणाचे. अमेरिकेतून विचारणा आलीच तर सध्या नम्रपणे नकार द्या. ८०० डॉलरपर्यंतची शुल्कमाफी ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस सर्व देशांसाठी रद्द झाली आहे, आणि अपघातानंतर उत्पादकावर दावा लावण्याची तिथली रीत पाहता विम्याशिवाय तिकडे एक बुशही पाठवू नये.

विकताना कंपनीचे नाव वापरता येते का, असे आपण विचारलेले नाही, पण पुढे विचारालच. ‘अमुक गाडीसाठी योग्य’ एवढे लिहिण्यास १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याचे कलम ३० वाव देते, मात्र माल मूळ कंपनीचाच आहे असा भास होता कामा नये. झाकणावर कंपनीचा शिक्का कोरून देण्याची मागणी येईल, तिला ठाम नकार द्यावा.

पैसे आपल्या चालू खात्यातच घ्या आणि बँकेकडून परकीय रक्कम आल्याचा दाखला मागा. पेपाल भारतात निर्यातीच्या पैशांसाठी चालते, पण शुल्क आणि चलनबदलाचा दर मिळून बरीच रक्कम कापली जाते. मोठ्या रकमेसाठी सरळ बँकेतून मागवावे. ‘तुमच्या लंडनच्या भाच्याच्या खात्यात जमा करतो, त्याच्याकडून घ्या’ असा प्रस्ताव येतो, तो स्वीकारू नका, कारण मग निर्यात झाली आणि पैसे आले नाहीत अशी नोंद राहते.

दर ठरवताना बार, मशीनचा वेळ आणि प्लेटिंग यांच्या जोडीला नापास झालेले नग, प्रयोगशाळेचा अहवाल, खोके आणि टपाल कचेरीत गेलेली आपली सकाळ हेही धरा. एकट्या बुशच्या पाकिटाला टपालखर्च वस्तूच्या किमतीहून जास्त येतो, म्हणून भाग सुटे न विकता स्टँडचा पूर्ण संच, चाकाचा पूर्ण संच असे बांधावेत. तक्रार आली तर वस्तू परत मागवू नका, कारण ती परत येताना पुन्हा सीमाशुल्काच्या फेऱ्यात सापडते आणि परतीचे टपाल नव्या भागापेक्षा महाग पडते. मापासह फोटो मागवा, चूक आपली असेल तर दुसरा भाग पाठवा, त्याच्या कागदांवर तो बदली भाग असल्याचे आणि त्याची खरी किंमत लिहा, आणि त्या लॉटचे शिल्लक नग पुन्हा मोजून झाल्याशिवाय पुढच्या गिऱ्हाइकाला देऊ नका.