कोरडी जिन, कोरी जिन, अगोड जिन

सेलूहून एका वाचकाने विचारलं आहे : "माझ्या मामांचा जन्म कापसाच्या जिनवर मुकादमी करण्यात गेला. दिवाळीला पुण्याहून येताना मी त्यांच्यासाठी 'लंडन ड्राय जिन'ची बाटली आणली. नाव वाचून दाखवलं तर मामा म्हणाले, 'जिन म्हणल्यावर माल कोरडाच पायजे.' कापसाची जिन आणि ही जिन एकच शब्द आहे का? 'ड्राय'ला मराठीत कोरडी म्हणावं का? आणि कोणती जिन 'नीट' घेतात, कोणती मिसळून?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. शब्द दोन आहेत. सरकी आणि रुई वेगळी करणारी जिन म्हणजे इंग्रजीत 'एंजिन'चं आखूड झालेलं रूप. त्याच्या मुळाशी लॅटिन 'इंगेनियम' आहे, म्हणजे अंगची हुशारी, युक्ती. बाटलीतली जिन आली ती एका झुडपावरून. लॅटिनमध्ये त्याला 'युनिपेरस' म्हणतात. फ्रेंचांनी त्याचं 'जनिएव्र' केलं, डच लोकांनी 'येनेव्हर' केलं आणि इंग्रजांनी शेपूट तोडून 'जिन' केलं. वेरूळच्या लेण्यांतला 'जिन' संस्कृतातल्या 'जि' धातूचा, जिंकणारा. घोड्यावरचं 'जीन' फारसीतून आलेलं. मराठवाड्यात एवढे सगळे एकाच उच्चारात नांदतात, पण त्यांची घरं वेगवेगळी आहेत.

त्या झुडपाला आपल्याकडे नाव नाही असं समजू नका. आयुर्वेदात ते 'हपुषा' म्हणून आहे, हिंदीत 'हाऊबेर'. हिमालयात उगवतं. त्याचं निळसर काळं फळ मिऱ्यापेक्षा थोडं मोठं असतं. खरं तर ते फळ नव्हेच. देवदाराला येतो तसा शंकूच, फक्त खवले मांसल होऊन एकमेकांत मिसळलेले. म्हणून वासही फळाचा न येता राळेचा येतो. हा वास वरचढ असेल तरच त्या दारूला जिन म्हणायचं. गोव्यात गाळल्या जाणाऱ्या एका जिनचं नावच 'हपुसा' आहे आणि तिच्यात हिमालयातलीच हपुषा वापरतात. संस्कृत शब्द युरोपच्या पेयावर चिकटवला म्हणून काही जण नाकं मुरडतात. मला मात्र ते नाव फार आवडतं, कारण येनेव्हर म्हणजे तरी दुसरं काय?

बाकीचे जिन्नस म्हणजे धने, दालचिनीच्या जातीची साल, संत्र्या-लिंबाची साल, काही मुळं. त्यांना इंग्रजीत मोठं शास्त्रीय वाटणारं नाव आहे. मी सरळ 'मसाला' म्हणतो. येसर मसाल्याला धने लागतात आणि जिनलाही लागतात. हपुषेच्या खालोखाल मान धन्यांचाच.

आता 'कोरडी'कडे येतो, कारण गोम तिथेच आहे.

मराठीत 'कोरडा' हा शब्द नेहमी काहीतरी नाही एवढंच सांगतो. काय नाही, ते ऐकणाऱ्याने ओळखायचं. कोरडी विहीर, कोरडवाहू रान, कोरडा दुष्काळ : पाणी नाही. कोरडी भाकर : सोबत कालवण नाही. कोरडा खोकला : कफ नाही. कोरडी चौकशी : मनात ओलावा नाही. लातूर-धाराशिवकडे 'कोरड्यास काय केलंय?', म्हणजे कालवण काय केलंय, असं विचारतात तेव्हा तर वस्तू ओली असते आणि शब्द कोरडा. मामा म्हणाले ते त्यांच्या धंद्याला धरूनच आहे. सरकारी खरेदीत ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात आणि 12 टक्क्यांच्या वर गेला की माल परत. तिथे 'कोरडा' ही मालाची प्रशस्ती आहे.

इंग्रजीतल्या 'ड्राय'चं वागणंही असंच. ड्राय जिनमध्ये गोडी नाही. ड्राय मार्टिनी मागितली तर व्हर्मूथ नावाची मसालेदार वाइन अगदी थोडी. ड्राय डेला दारूच नाही. मग कोरडी म्हणायला काय हरकत? हरकत ऐकणाऱ्याच्या बाजूने आहे. दारूच्या संदर्भात 'कोरडी' म्हटलं की मराठी माणूस नसलेली वस्तू म्हणून पाणी धरणार किंवा चखणा धरणार. साखर त्याच्या मनातही येणार नाही. 'मामा, ही कोरडी जिन आहे' या वाक्याचा अर्थ सेलूत 'पाणी न घालता प्यायची' असा होईल, आणि तो नेमका उलटा ठरेल.

साखर नाही हे सांगायला आपल्याकडे शब्द आहेत. चहाच्या टपरीवर 'फिका' म्हटलं की साखर पडत नाही. पण फिकामध्ये चवच नाही असाही अर्थ डोकावतो आणि लंडन ड्रायची चव तर चांगली तिखट, राळेची. 'बिनसाखरेची' चालेल, जरा लांब आहे. मला 'अगोड' बरा वाटतो. चहा अगोड झाला म्हणताना त्यात तक्रार असते हे मान्य, पण नेमकं काय नाही ते तो शब्द स्वतःच सांगतो, ओळखायला लावत नाही.

हा अगोडपणा मिरवायची वेळ का आली, त्यालाही कारण आहे. पूर्वी इंग्लंडात जिन साध्या भांड्यात गाळत. मद्यार्क ओबडधोबड निघे, म्हणून त्यात साखर किंवा ज्येष्ठमध घालून वास झाकत. त्या गोडसर जातीचं नाव 'ओल्ड टॉम'. 1830 साली इनिअस कॉफी या आयरिश माणसाने सतत चालणाऱ्या उभ्या भट्टीचं पेटंट घेतलं. मद्यार्क स्वच्छ मिळू लागला, झाकण्यासारखं काही उरलं नाही, आणि साखर नसणं हीच शेखी झाली. आज युरोपच्या नियमाप्रमाणे लंडन जिनमध्ये लिटरला 0.1 ग्रॅमपेक्षा जास्त साखर चालत नाही. सगळी चव मसाल्यासह गाळण्यातूनच यायला हवी, मागाहून रंग घालायचा नाही. लंडनमध्ये गाळलेली असण्याची मात्र सक्ती नाही. 'लंडन' इथे गावाचं नाव राहिलेलं नाही, रीतीचं झालं आहे.

गाळण्यावरून आठवलं. 'पहिल्या धारेची' हे आपल्याकडे कौतुकाचं विशेषण आहे. पण चांगल्या भट्टीत अगदी पहिली धार बाजूला काढून टाकतात, कारण लवकर उडणारी घातक द्रव्यं तिच्यातच येतात. घेतात ती मधली धार.

'नीट'चं उत्तर मला सगळ्यात आवडतं. इंग्रजी 'नीट'चं मूळ लॅटिन 'नितिदुस', चकचकीत, स्वच्छ. आपल्या 'नीट'चा त्याच्याशी संबंध नाही. म्हणून 'नीट घ्या' म्हटलं की मामा सावरून बसतील. या अर्थाचा आपला शब्द 'कोरी'. कोरा चहा, कोरं लुगडं, कोरी पाटी. कोरड्यात काहीतरी नसतं. कोऱ्याला अजून कशाचा स्पर्श झालेला नसतो. एका 'ड'चा फरक, पण केवढा! गाळल्यानंतर लंडन जिनमध्ये पाण्यावाचून फारसं काही घालत नाहीत, म्हणून तिलाच कोरी म्हणावं असं मला आधी वाटलं होतं. पण चहा कोरा ठरतो तो कपात ओतताना. तेव्हा हा शब्द पिण्याच्या रीतीसाठीच राखावा.

कोरी प्यायची ती मुख्यतः डच येनेव्हर. राय, जव, मका यांच्यापासून काढलेला धान्याच्या चवीचा मद्यार्क तिच्यात असतो, त्यामुळे ती जिभेला भरीव लागते. तिच्यातल्या 'जुनी' आणि 'नवी' या जाती वयाच्या नव्हेत, कृतीच्या आहेत. जुन्या पद्धतीत धान्याचा मद्यार्क जास्त. छोटा निमुळता पेला काठोकाठ भरतात आणि पहिला घोट पेला न उचलता, वाकून, ओठ टेकवून घेतात. जांभळट रानआलुबुखार मुरवून केलेली लाल 'स्लो जिन' गोड असते, तीही थोडी थोडी कोरी घेता येते.

अगोड लंडन जिनला टॉनिक हवं, म्हणजे सोड्यासारखं फसफसणारं कडसर पाणी. एक भाग जिन, दोन ते तीन भाग टॉनिक, भरपूर बर्फ, लिंबाची फोड. टॉनिकचा कडूपणा कोयनेलचा. हिवतापावर कोयनेल घेतलेल्या पिढीला ही चव समजावून सांगावी लागणार नाही. हिंदुस्थानातल्या गोऱ्या शिपायांनी कडू औषध गळ्याखाली उतरावं म्हणून जे मिसळलं, त्यातूनच ही जोडी जमली. आजच्या टॉनिकमध्ये कोयनेल नावापुरतं असतं आणि साखर चांगलीच असते, म्हणजे अगोड जिन पेल्यात गोड होतेच. ते नको असेल तर सोडा घ्या. ओल्ड टॉम लिंबाचा रस, थोडी साखर आणि सोडा घालून छान लागते; 'टॉम कॉलिन्स' म्हणतात ते हेच. प्लिमथच्या मऊ जिनमध्ये कडू अर्काचे चार थेंब आणि थंड पाणी घालून इंग्रज आरमारी अधिकारी 'पिंक जिन' घेत. हल्ली दुकानात गुलाबी, फळांच्या गोडीची जिन मिळते तिचा त्या नावाशी फक्त रंगापुरता संबंध आहे. मागताना चूक होते.

आपल्याकडच्या बाटलीवर बहुतेक 42.8 टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त मद्यार्क. मामांना पहिल्यांदाच देत असाल तर 30 मिलीचाच पेग भरा आणि म्हणा, "मामा, ही अगोड हाय, कोरी नका घेऊ, कोयनेलाचं पाणी घालून देतो." यातला एकही शब्द त्यांना परका वाटणार नाही.