गुलाबी बोंडअळीचं लॅटिन नाव नेमकं कसं उच्चारायचं?

तुम्ही लिहिलंय की कृषी पदविकेचं दुसरं वर्ष आहे, पुढच्या महिन्यात तोंडी परीक्षा आहे आणि गुलाबी बोंडअळीचं शास्त्रीय नाव वर्गात तिघं तीन तऱ्हांनी म्हणतात. कोणी पेक्टिनफोरा, कोणी पेक्टिनोफ्लोरा, तिसरा तर नावातला दुसरा शब्द सोडूनच देतो. यातलं बरोबर कोणतं?

आधी उत्तर देतो. पेक्-टि-नो-फो-रा, जोर 'नो'वर. मग गॉस्-सि-पि-एल्-ला, जोर 'एल्'वर. 'फ्लोरा' नाहीच, त्या शब्दात ल कुठेही नाही. पण हे असंच का, ते कळलं तर पुढची नावं घोकावी लागणार नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी यवतमाळ जिल्ह्यात बरीच वर्षं कृषी सहायक होतो. नोकरीच्या सुरुवातीला एका प्रशिक्षणात मी हरभऱ्यावरच्या घाटेअळीचं लॅटिन नाव मोठ्याने वाचलं आणि पुढच्या रांगेतले दोघंतिघं हसले. त्यानंतर कित्येक वर्षं मी लॅटिन नाव फळ्यावर लिहायचो, तोंडाने म्हणायचो नाही. २०१७ साली बोंडअळीने विदर्भातला कापूस खाल्ला, तेव्हा गावोगाव सभा घेतल्या, डोमकळ्या, म्हणजे आत अळी असलेली न उमललेली फुलं, तोडून दाखवल्या, मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे कामगंध सापळे कसे लावायचे ते सांगितलं. सगळीकडे मी 'शेंदरी बोंडअळी' एवढंच म्हटलं. शेतकऱ्यांना तेच नाव हवं होतं हे खरं, पण मी लॅटिन नाव टाळत होतो ते त्यांच्यासाठी नाही. ही भीती तुमच्या वाट्याला येऊ नये असं मनापासून वाटतं.

माझी भीती गेली ती आमच्या शेजारी राहणाऱ्या निवृत्त संस्कृत शिक्षकांमुळे. लॅटिन शब्दात जोर कुठे द्यायचा याचा नियम मी एका जुन्या पुस्तकाच्या परिशिष्टातून उतरवून आणला होता, मला तो उमगत नव्हता. गुरुजींनी कागद वाचला आणि म्हणाले, "अरे बाप्पा, हे तं आपलं लघु-गुरूच आहे!"

खरंच तेच आहे. शाळेत भुजंगप्रयात शिकताना आपण काय करायचो? दीर्घ स्वराचं अक्षर गुरू. ऱ्हस्व असलं तरी पुढे जोडाक्षर आलं तर तेही गुरू, जसा 'सत्य'मधला स. बाकी लघु. लॅटिनमध्येही अक्षराचं वजन असंच मोजतात. आता शब्दाच्या शेवटून दुसरं अक्षर बघा. ते गुरू असेल तर जोर त्याच्यावर. लघु असेल तर जोर एक घर मागे, म्हणजे शेवटून तिसऱ्यावर. शब्द दोनच अक्षरांचा असेल तर पहिल्यावर. नियम एवढाच.

गॉसिपिएल्लामध्ये शेवटून दुसरं 'एल्', पुढे दुसरा ल, म्हणून गुरू, म्हणून जोर तिथेच. 'किल्ला' म्हणताना जसा ल दाबून म्हणतो तसाच इथे म्हणायचा. पेक्टिनोफोरामध्ये शेवटून दुसरं 'फो' आहे आणि मूळ ग्रीक शब्दातला तो ओ ऱ्हस्व आहे. म्हणून लघु, आणि जोर सरकून 'नो'वर गेला. मराठीत ऱ्हस्व ओ वेगळा लिहीत नाहीत, त्यामुळे इथे आपली लिपी थोडी फसवते.

खरी अडचण इथेच आहे, ती लपवत नाही. स्वर ऱ्हस्व की दीर्घ हे लॅटिन स्पेलिंग बघून कळत नाही. त्यावर उपाय म्हणजे शब्दांच्या शेपट्या ओळखून ठेवायच्या. 'फोरा' किंवा 'फोरस' म्हणजे वाहणारा, बाळगणारा, आणि त्यातला फो नेहमी लघु. म्हणून गाजरगवताचं पार्थेनियम हिस्टेरोफोरसही 'रो'वर जोर देऊन म्हणायचं. 'गेरा' म्हणजेही बाळगणारी, त्यातला गे लघु. माझी ती घाटेअळी, हेलिकोवर्पा आर्मिगेरा, म्हणजे शस्त्र बाळगणारी, तिचा जोर 'मि'वर. 'झायलॉन' म्हणजे लाकूड, शब्दाच्या मधे आलं की 'क्सिलॉन', त्यातलं पहिलं अक्षरही लघु. तेंदूचं डायोस्पायरॉस मेलॅनॉक्सिलॉन घ्या, काळ्या लाकडाचं झाड, जोर 'नॉ'वर. उलट हरभऱ्याच्या एरिएटिनममधला टि मुळात दीर्घ आहे, म्हणून जोर त्याच्यावरच. त्या शब्दाचा अर्थ मेंढ्यासारखा. हरभऱ्याचा दाणा हातात घेऊन बघा, मेंढ्याचं डोकं दिसतं.

संत्र्याच्या बागेत डिंक्या आणणारी ती बुरशी, जिचं नाव वरुड-मोर्शीकडच्या बागायतदारांच्याही तोंडी बसलंय, तीही अशीच: फाय-टॉफ्-थो-रा. दोन ग्रीक शब्द आहेत, वनस्पती आणि नाश. 'टॉफ्'वर जोर, आणि थ 'थंडी'तला. बहुतेक जण 'फायटोप्थोरा' म्हणतात कारण पीएच आणि टीएच लागोपाठ आले की इंग्रजी वळणाची जीभ अडखळते. रोमन लोक ग्रीक शब्दांतले महाप्राण पीएच, टीएच, सीएच असे लिहायचे, म्हणजे 'फळा'तला फ, थ आणि ख. हे तिन्ही आवाज आपल्याकडे पहिलीच्या बाराखडीत आहेत. इंग्रजांना ते वेगळे शिकावे लागतात, आपल्याला नाही.

मग सी आणि जीचं काय? इथे दोन परंपरा आहेत. जुन्या रोमन उच्चारात सी नेहमी क आणि जी नेहमी ग. इंग्रजी परंपरेत ई, आय, वाय यांच्या आधी आले की स आणि ज. म्हणून हरभऱ्याच्या नावातला पहिला शब्द कोणी किकेर म्हणतं, कोणी सायसर, आणि घाटेअळी कोणाची आर्मिगेरा, कोणाची आर्मिजेरा. दोन्ही चालतात. नावांचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत ते स्पेलिंग आणि नाव कसं घडवायचं ते ठरवतात, उच्चार सक्तीने ठरवत नाहीत. माझं मत असं की एका नावात दोन्ही मिसळू नयेत, आणि परीक्षेत तुमचे सर वर्गात जी परंपरा वापरतात तीच वापरावी. आपल्याकडच्या कृषी महाविद्यालयांत ती बहुधा इंग्रजी असते. बोंडअळीच्या बाबतीत ही भानगड फारशी येत नाही, कारण पेक्टिनोफोरातला सी टीच्या आधी आहे आणि गॉसिपिएल्लातला जी ओच्या आधी. दोन्ही परंपरांत क आणि ग.

काही नावं तर आपल्याच घरची आहेत. मोहाचं मधूका हे संस्कृत मधूकवरून आलं. मूळ शब्दात धू दीर्घ, म्हणून जोर तिथेच. त्याला मॅड्युका का म्हणायचं? टर्मिनालिया अर्जुना, नागाचं नाजा, ही नावं आपण आपल्यासारखीच म्हणावीत. कडुनिंबाचं आझादिराख्ता फारसीतून आलं, त्यातला दरख्त तुम्ही ऐकलेला असेल.

आता पुन्हा तुमच्या अळीकडे. अर्थ माहीत असला की शब्द तोंडात बसतो. पेक्टेन म्हणजे फणी. या अळीच्या पतंगाच्या स्पृशेच्या, म्हणजे डोक्यावरच्या मिशीच्या, बुडाशी ताठ केसांची एक बारीक रांग असते, फणीच्या दातांसारखी. पेक्टिनोफोरा म्हणजे फणी बाळगणारी. गॉसिपियम म्हणजे कापूस. आणि ते '-एल्ला' उगाच लागलेलं नाही. कार्ल लिनियसने १७५८ साली पतंगांची नावं ठेवताना एका गटातल्या बारीक पतंगांच्या नावांना हीच शेपटी लावली आणि पुढच्या लोकांनी ती रीत पाळली. कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाचं प्लुटेल्ला झायलोस्टेल्ला हे नाव त्यातलंच. शेवटी एल्ला ऐकलं की छोटा पतंग असावा, असा अंदाज बांधता येतो.

रोज सकाळी पाच वेळा मोठ्याने म्हणा, अक्षरं तोडून, मग जोडून. जोर म्हणजे ओरडणं नाही, त्या अक्षरावर किंचित रेंगाळायचं. परीक्षकांनी स्वतः 'फो'वर जोर दिला तर दुरुस्त करायला जाऊ नका, तुमचं तुम्ही नीट म्हणा.

आणि लेखी पेपरात: पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठ्या लिपीतलं, दुसऱ्या शब्दाचं लहान, हाताने लिहिताना दोन्ही शब्दांखाली वेगवेगळी रेघ. गॉसिपिएल्लामध्ये एस दोन, पी एकच, एल दोन. आमच्या वेळी बहुतेकांचे गुण त्या दुसऱ्या एसवर जायचे.