कचेरीतून निघालेला संगणक : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : एका कंपनीने काढून टाकलेला डेल ऑप्टिप्लेक्स ३०२० साडेचार हजारांत घेतला. आय५ प्रोसेसर, चौथी पिढी, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क. विंडोज १० सुरू व्हायलाच पाच मिनिटं लागतात. मुलीच्या अभ्यासाला चालेल, की भंगारात पैसे घातले? (एक वाचक, कराड)

उत्तर : पैसे वाया गेलेले नाहीत. प्रोसेसर आजही धडधाकट आहे, रखडते ती हार्डडिस्क. ४ जीबी रॅम अपुरी पडली की विंडोज उरलेला पसारा डिस्कवर टाकत राहतं आणि फिरती तबकडी त्या धावपळीला पुरत नाही. म्हणून पहिला खर्च एसएसडीचा, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या वेगवान डिस्कचा : २४० किंवा २५६ जीबी, अडीच इंची, साटा जोडणीची (हार्डडिस्कच्याच केबलला लागणारी). दुकानदार एम.२ची पट्टी (थेट बोर्डात खोचायची एसएसडी) पुढे करेल, पण या संगणकाच्या मदरबोर्डावर तिला जागाच नाही.

दुसरा खर्च ४ जीबीच्या आणखी एका रॅमचा. डीडीआर३, १६०० मेगाहर्ट्‌झ, डेस्कटॉपचीच घ्या. लॅपटॉपची आखूड असते, ती बसत नाही. लावण्याआधी प्लग काढून पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. लावल्यावर पडदा काळाच राहिला तर घाबरू नका. दहांतल्या नऊ वेळा रॅम नीट बसलेली नसते. सोनेरी कडा खोडरबराने हलकेच पुसा, कण झटका आणि खटका वाजेपर्यंत दाबा.

आता विंडोजबद्दल. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा, म्हणजे सुरक्षेची अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी लागते. आडवाटेने ते घालून देणारे भेटतील, पण पुढच्या एखाद्या अपडेटला अडलं तर निस्तरायचं तुम्हालाच. अभ्यासासाठी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही प्रणाली घाला, तिची हलकी एक्सएफसीई आवृत्ती. दुसऱ्या संगणकावर मिंटची आयएसओ फाइल (अख्खी प्रणाली असलेली एक फाइल) उतरवून रूफस किंवा एचर या प्रोग्रामने ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर *लिहा*. नुसती कॉपी-पेस्ट केलेल्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू होत नाही, आणि सर्वांत जास्त लोक इथेच अडतात. डेलचं चिन्ह दिसताच एफ१२ दाबून पेनड्राइव्ह निवडा. डिस्कवर काही न लिहिता मिंट चालवून पाहता येतं. आवाज, नेट, प्रिंटर तेव्हाच तपासा. जुन्या डिस्कवरचं काही हवं असेल तर ते आधी काढून घ्या.

या डेस्कटॉपमध्ये बहुधा वायफाय नसतं. यूएसबीत लावायच्या स्वस्त वायफाय डाँगलचे ड्रायव्हर लिनक्सवर डोकं खातात. राउटरपासून लॅनची केबल ओढणं उत्तम, तोवर मोबाइल यूएसबीने जोडून नेट घ्या. मराठीसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये इनस्क्रिप्ट (मराठी अक्षरांना ठरावीक कळा) किंवा फोनेटिक (इंग्रजी उच्चाराप्रमाणे कळा) मांडणी जोडता येते. मुलगी नवीनच शिकणार असेल तर इनस्क्रिप्टच शिकवा. सवय लागली की बोटं जास्त वेगाने चालतात.

प्रश्न : घरातल्या चार मोबाइलांचे फोटो साठवायला असाच संगणक चोवीस तास चालू ठेवला तर बिल किती येईल? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : चौथ्या पिढीचं असं खोकं स्वस्थ बसलेलं असतानाही ३० वॅटच्या आसपास खातं. ३० वॅट गुणिले २४ तास गुणिले ३० दिवस म्हणजे २१.६ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर महिन्याला २१६, वर्षाला अडीच हजारांवर. म्हणजे खोक्याच्या किमतीहून विजेचा हिशेब आधी करावा. नुसते फोटोच ठेवायचे असतील तर दर रविवारी तासभर चालू करा, फोटो उतरवा, बंद करा. बिलाचा प्रश्नच मिटतो.

तरीही चोवीस तास हवाच असेल तर ओपनमीडियाव्हॉल्ट (संगणकाला घरचं फोटोंचं कोठार बनवणारी प्रणाली) घाला : प्रणाली छोट्या एसएसडीवर, फोटो वेगळ्या नव्या डिस्कवर. सोबत आलेल्या जुन्या डिस्कची ‘स्मार्ट’ माहिती, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद, पाहा. ‘रीॲलोकेटेड’ किंवा ‘पेंडिंग’ सेक्टर (बिघडलेले किंवा बिघडल्याचा संशय असलेले डिस्कचे तुकडे) शून्याच्या वर असतील तर तिच्यावर लग्नाचे फोटो ठेवू नका. बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) ‘एसी रिकव्हरी’ला ‘पॉवर ऑन’ करा, म्हणजे वीज गेली-आली तरी संगणक आपला आपण उठेल. आणि मोबाइलमधून फोटो पुसले तर इथली एकच प्रत उरते. तिला बॅकअप म्हणत नाहीत. यूएसबी डिस्कवर दुसरी प्रत घ्या आणि ती डिस्क जोडून न ठेवता कपाटात ठेवा.

प्रश्न : रोज सकाळी संगणकाची तारीख काही वर्षं मागे जाते आणि बँकेची साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणते. व्हायरस असेल का? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : नाही. मदरबोर्डावरचा सीआर २०३२ हा नाण्यासारखा सेल संपला आहे. संगणकाच्या लेखी आज जुनं वर्ष असेल तर बँकेच्या साइटची ओळख पटवणारं प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नसतं, म्हणून ब्राउझर अडवतो. सेल ३ व्होल्टचा असतो. मल्टिमीटरवर २.७ च्या खाली दिसला तर बदला, लिहिलेली बाजू वर ठेवून. रात्री भिंतीवरचं बटण बंद करण्याची सवय असेल तर घड्याळ फक्त सेलवर चालतं आणि तो लवकर संपतो.

एक खबरदारी : सेल काढताच बायोसची सेटिंग मूळपदावर जाऊ शकतात. काही डेलमध्ये साटाची (डिस्कच्या जोडणीची) मांडणी ‘एएचसीआय’ या पर्यायावरून ‘रेड’ या पर्यायावर जाते आणि विंडोज निळा पडदा दाखवून थांबतं. आधी बायोसच्या त्या पानाचा मोबाइलने फोटो काढून ठेवा आणि नंतर तसंच लावा.

प्रश्न : असाच संगणक टीव्हीला जोडला, चित्र येतं पण आवाज नाही. (एक वाचक, मडगाव)

उत्तर : तुम्ही व्हीजीएने (फक्त चित्र नेणाऱ्या जुन्या केबलने) जोडला असणार. त्यातून आवाज जातच नाही. मागे डिस्प्लेपोर्ट असेल तर त्यावरून एचडीएमआयला नेणारी केबल घ्या आणि आवाजाच्या सेटिंगमध्ये टीव्ही निवडा. फुल एचडी चित्रपट नीट चालतील. फोरकेचा हट्ट मात्र धरू नका. एचईव्हीसीसारखं नवं व्हिडिओ-आकुंचन (फाइल लहान करायची पद्धत) उलगडणारी पूर्ण सोय या चौथ्या पिढीच्या चिपमध्ये नाही, सगळं ओझं प्रोसेसरवर पडतं आणि चित्र अडखळतं.