अमेरिकेतून नागपूरला पॉवर टूल्स: काय आणायचं, काय तिथंच विकायचं

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मेव्हणे न्यू जर्सीतलं घर सोडून राहिले आहेत. त्यांच्याकडं कॉर्डलेस ड्रिल, इम्पॅक्ट ड्रायव्हर, चार बॅटऱ्या, साडेचार इंची ग्राइंडर, वायरवाली सर्क्युलर सॉ आणि एक टेबल सॉ आहे. "सगळं घेऊन जा, पाठवण्याचा खर्च तेवढा तुमचा," असं ते म्हणतात. तुम्हाला लकडगंजात छोटं वर्कशॉप टाकायचं आहे आणि विचारता आहात की कुरिअरनं मागवू की जहाजानं.

दोन्हींनी नको. कॉर्डलेस मशीनं ते स्वतः येतील तेव्हा बॅगेतून येऊ द्या, आणि वायरवाली तिथंच विकायला सांगा. पाठवण्याचा खर्च तुमचा म्हणजे यात फुकट काहीच नाही.

आधी वायरवाल्यांचं बघू. तिकडं 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ. आपल्याकडं 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. सर्क्युलर सॉवर 15 अँपिअर लिहिलेलं असतं, म्हणजे 1800 वॅट. सुरू होताना ती याहून बरीच जास्त ओढते, म्हणून निदान 3 केव्हीएचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. तो मशीनपेक्षा जड, दिवसभर घूं-घूं करतो, आणि भिंतीतल्या साध्या 6 अँपिअरच्या सॉकेटवर लावायचाही नसतो, 16 अँपिअरचा पॉइंट लागतो. साइटवर नेताना काय कराल? सर्क्युलर सॉच्या ब्रशवाल्या मोटरला हर्ट्झनं फारसा फरक पडत नाही, ट्रान्सफॉर्मरवर ती चालते तरी. टेबल सॉच्या प्लेटवर मात्र 1725 किंवा 3450 आरपीएम लिहिलं असेल तर ती बहुधा इंडक्शन मोटर समजा, म्हणजे जिचा वेग हर्ट्झवर ठरतो अशी. 50 हर्ट्झवर तिचा वेग साठाला पन्नास या हिशेबानं खाली येतो, 3450 चे साधारण 2875 होतात, आणि पूर्ण 120 व्होल्ट दिले तर ती तापते. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली तर विचारूच नका.

(मेव्हणे आखातात असते तर गोष्ट वेगळी होती. शारजा-दुबईचं सामान 230 व्होल्ट, 50 हर्ट्झचंच, प्लग बदलला की झालं. पण इंग्लंडहून कोणी पिवळ्या प्लगचं मशीन देत असेल तर जपून. ते तिथल्या बांधकाम साइटचं 110 व्होल्टचं असतं.)

कुरिअर का नको? पहिलं कारण वजन. काट्यावरचं वजन आणि खोक्याच्या आकारावरून काढलेलं वजन, यातलं जे जास्त त्याचे पैसे लागतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि 5000 नं भागायचं. 50 बाय 40 बाय 30 चं खोकं भरलं 9 किलो, तरी बिल 12 किलोचं येतं. मशीनसोबतची ती प्लास्टिकची सुटकेस त्यात निम्मी जागा खाते.

दुसरं कारण बॅटरी. धोकादायक मालाला संयुक्त राष्ट्रांचा ठरलेला क्रमांक असतो: सुटी लिथियम-आयन बॅटरी मालवाहतुकीत यूएन 3480, मशीनसोबत पॅक केलेली किंवा मशीनमध्ये लावलेली यूएन 3481, आणि दोन्ही धोकादायक मालाच्या वर्ग 9 मध्ये. सुट्या बॅटऱ्यांना प्रवासी विमानाच्या मालडब्यात 1 एप्रिल 2016 पासून बंदीच आहे. मालवाहू विमानातही चार्ज 30 टक्क्यांच्या वर चालत नाही. 100 वॅट-तासांच्या वरच्या बॅटरीला पूर्ण धोकादायक मालाची कागदपत्रं आणि पॅकिंग लागतं. साधा कुरिअरवाला ती काउंटरवरूनच परत देतो. कपड्यांत गुंडाळून पाठवलं तर एक्स-रेमध्ये दिसतं आणि अख्खं खोकं अडकतं.

तिसरं, कस्टम. "गिफ्ट लिहिलं की ड्युटी लागत नाही" हे अजून लोक सांगतात. ते डिसेंबर 2019 मध्ये संपलं. कुरिअर-पोस्टानं येणाऱ्या भेटींतून सूट उरली ती फक्त राखी आणि जीवरक्षक औषधांना. वैयक्तिक वापराच्या वस्तूंचा ड्युटीचा दर 2026 च्या बजेटमध्ये 20 वरून 10 टक्के केला, पण वस्तूची किंमत, भाडं आणि विमा मिळून जी रक्कम होते तिच्यावर आधी ड्युटी आणि मग ड्युटीसकट सगळ्यावर आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) लागतो. एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते: विमानानं आलेल्या मालाचं भाडं कितीही झालं तरी मूल्यांकनात वस्तूच्या किमतीच्या 20 टक्क्यांहून जास्त धरत नाहीत. 20,000 च्या मशीनला 9,000 भाडं बसलं तर 4,000 च मोजायचे. बिल हातात आलं की हा आकडा नक्की तपासा. वर केवायसी, कुरिअर कंपनीनं तुमच्या वतीनं ड्युटी भरल्याची फी, उशीर झाला तर गोदामभाडं. किंमत मुद्दाम कमी लिहायला सांगू नका. मॉडेल नंबर मशीनवरच छापलेला असतो, अधिकारी मोबाइलवर भाव बघतो.

जहाजाचं एका वाक्यात सांगतो: एका खोक्यासाठी न्हावाशेवा बंदरातली डिलिव्हरी ऑर्डर (माल सोडण्याचं पत्र), सीएफएसचं (कंटेनर गोदामाचं) शुल्क आणि एजंटची फी यांत जेवढे पैसे जातात, तेवढ्यात इतवारीत नवीन मशीन येतं.

आता बॅगेतून कसं आणायचं ते. मशीनं चेक-इन सामानात, बॅटरी काढून. सुट्या बॅटऱ्या मात्र फक्त हातातल्या बॅगेत, टोकांना चिकटपट्टी लावून. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास केलं की वॅट-तास निघतात: 18 व्होल्ट 5 एएच म्हणजे 90, चालेल. 6 एएच म्हणजे 108, त्याला एअरलाइनची परवानगी लागते आणि अशा सुट्या दोनच नेता येतात. 9 एएच म्हणजे 162. 160 च्या वर प्रवाशाला नेताच येत नाही. काउंटरवर तुमचं गणित कोणी ऐकत नाही, बॅटरीवर छापलेला आकडा बघतात. तो पुसट झाला असेल तर ती बॅटरी तिथंच सोडा.

दोहावरून थेट नागपूरला आले तर कस्टम सोनेगावलाच, म्हणजे नागपूर विमानतळावरच होतं. मुंबई-दिल्लीमार्गे आले तर बॅगा तिथं उतरवून कस्टम करावं लागतं. पुढचं नागपूरचं तिकीट वेगळं काढलं असेल तर देशांतर्गत इकॉनॉमीत बहुतेक ठिकाणी 15 किलोच. 23 किलोच्या दोन बॅगा घेऊन काउंटरवर उभं राहिलं की जादा वजनाचे पैसे मोजावे लागतात. म्हणून तिकीट सलग एकच काढायला सांगा. प्रवाशाची ड्युटी-फ्री मर्यादा 2016 च्या नियमांत 50,000 होती, 2026 मध्ये 75,000 झाली. नवरा-बायकोची मर्यादा एकाच वस्तूवर एकत्र करता येत नाही. जुन्या खरेदीची बिलं छापून ठेवा, आणि एकाच मॉडेलची दोन-तीन मशीनं आणू नका, विक्रीचा माल वाटतो.

ग्राइंडर कॉर्डलेस असला तरी माझं मत नाही. तिकडच्या साडेचार इंचीचा स्पिंडल 5/8 इंच आट्यांचा, डिस्कचं भोक 22.23 मिलिमीटर. आपल्या चार इंचीला एम10 स्पिंडल आणि 16 चं भोक. लोहाओळीत साडेचारची डिस्क मागाल तर दुकानदार चारची काढून देईल, ती बसणार नाही. मग पाचची दाखवेल, तिचं भोक जुळतं पण ती गार्डला घासते. गार्ड काढून पाचची डिस्क लावणारे मी पाहिले आहेत. तसं करू नका बाप्पा, डिस्क फुटली तर तोंडावर येते.

ड्रिल आणि इम्पॅक्ट मात्र जरूर आणा, ब्रँड इथं मिळणारा असेल तर. डिवॉल्टवर तिकडं 20 व्होल्ट मॅक्स आणि युरोपात 18 व्होल्ट लिहितात, बॅटरी एकमेकांच्या मशीनमध्ये बसते. वॉरंटी सहसा त्या देशापुरतीच असते, ती सोडून द्या. ज्याचं सर्व्हिस सेंटर इथं नाही अशा ब्रँडचं मशीन दोन वर्षांनी स्विच गेला की पडून राहतं.

मेव्हण्यांकडून आज प्रत्येक मशीनच्या प्लेटचा, बॅटरीचा आणि चार्जरच्या मागच्या बाजूचा फोटो मागवा आणि इथं टाका. चार्जरवर इनपुटपुढं 100-240 असेल तर तो बॅगेत. नुसतं 120 असेल तर ठेवा तिथंच, त्याच बॅटरीचा 230 व्होल्टचा चार्जर इथं घ्या.