सॅनिटायझर लावूनही लागण?

प्रश्न : धाकट्याला मध्यरात्री अचानक उलट्या आणि जुलाब सुरू झाले. आम्ही सगळे दिवसभर हातांना सॅनिटायझर चोळत होतो, तरी दोन दिवसांत बाकीचे चौघेही आडवे झाले. चुकलं कुठे?

उत्तर : तपासणीशिवाय खात्री देता येत नाही, पण एकाएकी उलट्या आणि दोन दिवसांत घरभर लागण, असं म्हटलं की पहिला संशय नोरोव्हायरसवर जातो. संसर्ग झाल्यावर १२ ते ४८ तासांत तो डोकं वर काढतो. फ्लू किंवा कोरोनाच्या विषाणूभोवती स्निग्ध आवरण असतं आणि अल्कोहोल नेमकं तेच फोडतं. नोरोव्हायरसला हे आवरणच नाही, म्हणून सॅनिटायझर त्याच्यापुढे तोकडा पडतो.

साबण तरी त्याला मारतो का? फारसा नाही. चोळल्याने विषाणू कातडीवरून सुटतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो, इतकंच. म्हणून पाणी वाहतं हवं. सगळ्यांनी एकाच घमेल्यात हात बुचकळले तर लागण वाटून घेतल्यासारखंच. फेस आल्यावर किमान २० सेकंद चोळा. अंगठे, बोटांच्या बेचक्या आणि नखांखालची जागा हमखास राहून जाते. हात पुसायला प्रत्येकाचा टॉवेल वेगळा.

दुसरी गळती उलटी पुसताना होते. तिचे बारीक तुषार डाग दिसतो त्याच्या बरंच पलीकडे पडलेले असतात. हातमोजे आणि मास्क घाला, उलटीवर जुनी फडकी किंवा कागद टाकून ती टिपून घ्या आणि पिशवीत बांधून टाका. मग आजूबाजूची जमीन साबणाच्या पाण्याने धुवा आणि शेवटी ब्लीच लावा. मळलेले कपडे झटकू नका.

तिसरी गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. उलट्या-जुलाब थांबले तरी शौचातून विषाणू दोन आठवडे, कधी त्याहूनही जास्त दिवस बाहेर पडत राहतो. थांबल्यानंतर निदान ४८ तास त्या माणसाने स्वयंपाकाला हात लावू नये, शाळा-कामालाही जाऊ नये. शौचानंतर साबणाने हात धुण्याची काटेकोर सवय मात्र पुढेही चालू ठेवावी.

प्रश्न : ब्लीच पाण्यात किती घालायचं? आम्ही अंदाजाने ओततो.

उत्तर : अंदाज नको. आधी बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइटचं प्रमाण वाचा. ते ५ टक्के असेल, तर २० मिली ब्लीच आणि ९८० मिली पाणी मिळून ०.१ टक्क्याचं द्रावण होतं; दाराच्या कड्या, नळ, संडासाची बैठक यांना ते चालतं. उलटी-विष्ठेच्या जागेसाठी ०.५ टक्के करा, म्हणजे १०० मिली ब्लीच आणि ९०० मिली पाणी. बाटली वेगळ्या ताकदीची निघाली तर हिशेब सोपा आहे : बाटलीवरच्या टक्क्यांना हव्या असलेल्या टक्क्यांनी भागा आणि आलेल्या आकड्यातून एक वजा करा. एक भाग ब्लीचला तितके भाग पाणी.

मळ तसाच ठेवून वरून ब्लीच ओतलं, तर क्लोरीन मळावरच खर्ची पडतो आणि जंतू शाबूत राहतात. लावलं आणि लगेच पुसलं, हीसुद्धा नेहमीची चूक. पृष्ठभाग दहा मिनिटं ओला राहू द्या, मग साध्या पाण्याने पुसा, नाहीतर धातूला गंज चढतो. पाणी थंड घ्या आणि द्रावण रोज ताजं करा, कारण उष्णता आणि उजेड दोन्ही त्याची ताकद घालवतात. आणि संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये ते कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जीवावर बेतू शकतो. अमोनिया असलेल्या क्लीनरशीही गाठ नको.

प्रश्न : हात धुवायला ‘जंतुनाशक’ साबणच हवा का?

उत्तर : नाही. घरात साधा पुरतो.

प्रश्न : मुलीला कांजिण्या आल्यात. शाळेत कधी पाठवू?

उत्तर : दिवस मोजू नका, फोड पाहा. शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत ती घरीच राहू दे. याला बहुधा पाच ते सात दिवस लागतात. पुरळ दिसण्याआधी एक-दोन दिवस तिच्यापासून लागण होतच होती, त्यामुळे भावंडांवर संपर्कापासून २१ दिवस लक्ष ठेवा. घरात गरोदर बाई असेल आणि तिला पूर्वी कांजिण्या आल्या नसतील किंवा लस झाली नसेल, तर लक्षणांची वाट न पाहता आजच डॉक्टरांना कळवा. तापासाठी मुलीला ॲस्पिरिन देऊ नका. कांजिण्यांत त्याने यकृत आणि मेंदूला गंभीर इजा होऊ शकते.